भार आणि अधिकार

मनुष्यामनुष्यांत शक्तीचा भेद आहे, ही गोष्ट कोणासही सिद्ध करून दाखवावी लागत नाही. आणि मनुष्यामनुष्यांत मोलाचा भेद नाही, ही गोष्ट संतांनी पिढ्यानपिढ्या सांगूनही ती अद्याप आपल्या पुरती अंगवळणी पडलेली नाही. या दोन सत्यांची सांगड कशी घालावी, हा धर्मचिंतनातील फार जुना आणि फार अवघड प्रश्न आहे. सर्वांस एकच साधना एकाच मापाने सांगावी, तर दुर्बळाचा कणा मोडतो. ज्याच्या त्याच्या कुवतीप्रमाणे ती निरनिराळी सांगावी, तर त्या निरनिराळेपणाच्या आडोशाने उच्चनीचता आत शिरते आणि एकदा शिरली की शतकानुशतके हलत नाही. आपल्या शास्त्रकारांनी या प्रश्नाला अधिकारभेद, म्हणजे ज्याच्या त्याच्या पात्रतेप्रमाणे साधना, हे उत्तर दिले. त्या उत्तराने पुष्कळांचे कल्याण झाले आणि पुष्कळांवर घोर अन्यायही झाला. म्हणून अधिकारभेदाचे तत्त्व टाकून द्यावे, की त्यातील न्याय्य अंश कोणता आणि अन्याय्य कोणता याची निवड करावी, हा विचार प्राप्त होतो. मला असे वाटते की या निवडीची कसोटी ग्रंथांत जितकी सापडेल तितकीच ती तालमीत सापडेल, आणि विशेषतः पाठीवर भार घेऊन खाली बसण्याच्या व पुन्हा उभे राहण्याच्या त्या एका व्यायामात सापडेल, ज्याच्या बिनभाराच्या रूपाला आपल्या जुन्या तालमी बैठक म्हणत आल्या आणि ज्याला नांदेड-लातूरच्या आजच्या व्यायामशाळांतील तरुण भारासहित बॅक स्क्वॉट म्हणतात.

हा व्यायाम प्रथम जवळून पाहिला पाहिजे. खांद्याच्या उंचीच्या किंचित खाली लोखंडी घोडीवर एक आडवा दांडा ठेवलेला असतो. नुसत्या दांड्याचेच वजन सामान्यतः २० किलो असते, आणि त्याच्या दोन्ही टोकांना सारख्या वजनाच्या चकत्या चढवितात. व्यायाम करणारा वाकून दांड्याखाली शिरतो, तो दांडा मानेच्या हाडावर न घेता पाठीच्या वरच्या भागातील मांसल पट्टीवर घेतो, दोन पावले मागे सरकतो, पाय खांद्यांइतके फाकवून चवडे थोडेसे बाहेरच्या बाजूस वळवितो, पोटात श्वास भरून तो आवळून धरतो आणि मग नितंब मागे सारीत, गुडघे चवड्यांच्या दिशेने वाकवीत, टाचा जमिनीवरून तसूभरही न उचलता खाली जातो. मांडीचा सांधा गुडघ्याच्या माथ्याहून खाली गेला म्हणजे बैठक पुरी झाली, असा शक्तिस्पर्धांतील नियम आहे. त्या तळाच्या बिंदूवर क्षणभर सगळा भार मनुष्याच्या अंगावर असतो आणि मदतीस कोणी नसते. तेथून वर येणे हाच या व्यायामाचा सगळा अर्थ आहे.

आता याच व्यायामशाळेत सायंकाळच्या एकाच प्रहरी भिन्न भिन्न माणसे हेच कर्म कसे करतात ते पाहावे. फडात उतरणारा पैलवान गडी १०० किलोंहून अधिक भार घेऊन बसतो. पोलीस भरतीची तयारी करणारी मुलगी नुसता दांडा घेऊन बसते. बाळंतपणानंतर वर्षभराने व्यायामाकडे वळलेली गृहिणी दांड्याला हात न लावता एकच डंबेल छातीशी धरून बसते. गुडघ्यांनी कुरकूर सुरू केलेले निवृत्त गुरुजी एका भक्कम खुर्चीवर हातांचा आधार न घेता हळूहळू टेकतात आणि हळूहळू उठतात. त्यांच्या पाठीवर त्यांच्या स्वतःच्या देहाखेरीज दुसरा भार नसतो. जाणता शिक्षक या चौघांसाठी भार बदलतो, किती खाली जावे हे बदलतो, आवर्तनांची संख्या बदलतो, विश्रांतीचा अवधी बदलतो; परंतु टाच उचलू देत नाही, पाठ कोलमडू देत नाही, श्वास विस्कळीत होऊ देत नाही. गुरुजींची टाच उचलली तर तो त्यांनाही तितक्याच कसोशीने थांबवितो जितक्या कसोशीने त्या पैलवानाला. प्रमाण प्रत्येकाचे वेगळे, पण क्रिया एक आणि तिची शिस्त एक. अधिकारभेदाचे सगळे न्याय्य स्वरूप, माझ्या मते, या एका दृश्यात सामावलेले आहे.

शरीरशास्त्राने ही गोष्ट आपल्या परीने फार पूर्वी ओळखली होती. वाग्भटाने अष्टांगहृदय या आयुर्वेदग्रंथात बलवान व स्निग्ध आहार घेणाऱ्या माणसालासुद्धा व्यायाम अर्ध्या शक्तीनेच करावयास सांगितले आहे, तोही हिवाळ्यात व वसंतात. इतर ऋतूंत त्याहूनही मंद. मराठवाड्याच्या वैशाखात, जेव्हा दुपार टळल्यावरही भिंतींतून धग येत असते, तेव्हा या सूचनेतील शहाणपण वेगळे पटवून द्यावे लागत नाही. शक्तीबाहेर व्यायाम करणारा, हत्तीला ओढू पाहणाऱ्या सिंहासारखा स्वतःच नाश पावतो, असा इशाराही त्याने दिला आहे. येथे लक्षात घेण्यासारखे हे की अर्धी शक्ती म्हणजे कोणा एकाच्या शक्तीचे अर्धे नव्हे. ज्याच्या त्याच्या शक्तीचे अर्धे होय. अलीकडच्या काळात, दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, थॉमस डेलॉर्म या अमेरिकन सैनिकी वैद्याने जखमी शिपायांच्या दुबळ्या झालेल्या स्नायूंसाठी जी पद्धती १९४५ मध्ये प्रसिद्ध केली, तिचेही मर्म हेच होते: रुग्ण जो भार दहा वेळा कसाबसा उचलू शकतो तो त्याचा स्वतःचा पूर्णांक मानावा, आणि त्याहून हलक्या भारापासून आरंभ करून, बळ वाढेल तसतसा तो पूर्णांकही वाढवीत न्यावा. म्हणजे मापाचा उगम शेजाऱ्यात नसून स्वतःत असतो, आणि ते माप कायमचे कोरलेले नसून दर आठवड्यास नव्याने घ्यावयाचे असते.

हीच व्यवस्था गीतेच्या बाराव्या अध्यायात, आठव्या श्लोकापासून पुढे, साधनेच्या क्षेत्रात मांडलेली आढळते. भगवंत अर्जुनाला प्रथम मन आणि बुद्धी आपल्या ठायी स्थिर करावयास सांगतात. ते साधत नसेल तर अभ्यासाने प्राप्तीची इच्छा धरावयास सांगतात. अभ्यासही झेपत नसेल तर आपल्याप्रीत्यर्थ कर्मे करावयास सांगतात. आणि तेही होत नसेल तर सर्व कर्मांच्या फळांचा त्याग करावयास सांगतात. या उतरत्या पायऱ्यांत धाक नाही, धिक्कार नाही, आणि खालच्या पायरीवर उभ्या असणाऱ्याविषयी तुच्छतेचा एक शब्दही नाही. उलट लगेचच्या श्लोकात फलत्यागापाठोपाठ शांती येते असे सांगून त्या शेवटच्या पायरीचा गौरवच केला आहे. हा गौरव केवळ प्रोत्साहनपर आहे की तोच खरा सिद्धान्त आहे, यावर आचार्यांपासून लोकमान्यांपर्यंत मतभेद झाले. पण एक गोष्ट कोणत्याही पक्षाला मान्य करावी लागेल, ती ही की या चारही पायऱ्या एकाच अर्जुनासमोर ठेवल्या आहेत. ज्याच्या धनुष्याची बरोबरी करणारा त्या रणांगणावर विरळा, त्या योद्ध्यालाही मन स्थिर करण्याच्या कामी आपण असमर्थ ठरू शकतो हे गृहीत धरून उपदेश ऐकावा लागतो. असमर्थता ही येथे मनुष्याची जात होत नाही. ती एका मनुष्याची, एका कर्मापुरती आणि एका क्षणापुरती असलेली स्थिती आहे. अधिकार इतक्या सूक्ष्म मापाने मोजला तरच तो अधिकार. त्याहून ढोबळ मापाने मोजला की तो निवाडा होतो.

दुर्दैवाने आपल्या समाजाने तो ढोबळच मापाने मोजला. शक्ती पाहून भार ठरविण्याऐवजी जन्म पाहून कर्मच ठरविण्यात आले; एकाने ज्ञानाची उपासना करावी आणि दुसऱ्याने त्याची सेवा करावी, एकाने वेद ऐकावा आणि दुसऱ्याने तो ऐकूही नये, असा शिरस्ता पडला. त्या गुरुजींना खुर्चीवर बसविणारा शिक्षक त्यांच्याकडून बैठकच करवून घेत असतो. परंतु ज्याला व्यायामशाळेच्या दारातूनच परत पाठविले आणि वर असे सांगितले की तुझ्या अधिकाराला बाहेरची झाडलोटच योग्य, त्याच्या बाबतीत भार हलका झाला नाही, त्याचे कर्मच हिरावून घेतले गेले. ज्ञानदेवांनी ज्ञानेश्वरीच्या अखेरच्या अध्यायात वेदाच्या या कृपणपणावर स्पष्ट बोट ठेवले आहे, की तो तीन वर्णांच्याच कानी लागला; आणि ती उणीव भरून काढण्यासाठी गीता प्रकट झाली असे मानून १२९० मध्ये त्यांनी ती सर्वांच्या बोलीत आणून सोडली. त्याच्याही आधीच्या शतकात, आजच्या निलंगा तालुक्याच्या सीमेपलीकडे असलेल्या कल्याणात बसवेश्वरांनी स्त्रीपुरुषांच्या आणि सर्व जातींच्या हाती उपासनेसाठी एकच इष्टलिंग दिले. या दोघांनी साधनेतील चढउतार नाकारले नाहीत. नाकारले ते दारावरचे पहारे.

पहारा नेहमी धर्मच बसवितो असेही नाही. निजामाच्या अंमलात या मुलखातील लोकांना नवा आखाडा काढावयाचा तर सरकारी परवानगी लागे. देह बळकट करण्याची इच्छा ही दप्तरात अर्ज म्हणून दाखल व्हावी, तिची चौकशी व्हावी आणि वरिष्ठांची मर्जी असेल तर तिला मुभा मिळावी, अशी ती तजवीज होती. निजामाविरुद्धच्या १९३८-३९ च्या सत्याग्रहामागे ज्या तक्रारी होत्या त्यांत आखाड्यांवरील हे निर्बंधही होते, आणि त्याच सुमारास, १९३८ मध्ये, उदगीरचे आर्यसमाजी वकील भाई श्यामलाल यांनी बीदरच्या तुरुंगात देह ठेवला. कोणी किती भार उचलावा हे सांगणे शिक्षकाचे काम आहे. कोणी भार उचलावा की नाही हे सांगण्याचा हक्क मात्र ना पुरोहिताला आहे ना तालुकदाराला. या दोन गोष्टींतील अंतर ज्याला कळले त्याला अधिकारभेदाच्या इतिहासातील प्रकाश आणि अंधार वेगळे करता येतील.

म्हणून मला असे सुचवावेसे वाटते की अधिकारभेदाची कोणतीही व्यवस्था समोर आली असता तिला तीन प्रश्न विचारावेत. पहिला, कर्म एकच राहिले आहे काय? दुसरा, माप समोरच्या माणसाचे प्रत्यक्ष पाहून घेतले आहे, की त्याच्या कुळाचा दाखला पाहून? आणि तिसरा, ते माप पुन्हा घेण्याची आणि वाढविण्याची तरतूद तीत आहे काय? पहिल्या प्रश्नाने कर्माचे अपहरण उघडकीस येते, दुसऱ्याने जन्माचा पक्षपात उघडकीस येतो, आणि तिसऱ्याने ती कपटी दया उघडकीस येते जी दुर्बळाला दुर्बळ म्हणून कुरवाळीत त्याच जागी कायम ठेवते. जो शिक्षक नवख्याला नुसता दांडा देतो तो दयाळू आहे. पण सहा महिन्यांनंतरही, त्याचे पाय भरले असता, त्याला तोच दांडा देत राहतो तो दयाळू नव्हे, तो बेपर्वा आहे. अडीच किलोंची एक चकती वेळेवर चढविणे हा विश्वासाचा उच्चार आहे.

या तिन्ही प्रश्नांना आपल्या भागातील कुस्तीचा फड किती सहजपणे उत्तर देतो ते पाहण्याजोगे आहे. मार्गशीर्षाच्या अखेरीस लोहा तालुक्यातील माळेगावला खंडोबाची यात्रा भरते आणि तेथे कुस्त्यांचा फड लागतो. आरंभी रेवड्यांवरच्या कुस्त्या: आठ-दहा वर्षांची पोरे, लंगोट नीट बसलेला नाही, अंगाला माती फासताना हसू आवरत नाही, आणि तरीही हात मिळवून एकमेकांस भिडताना डोळे एकदम गंभीर होतात. मग नारळाच्या, मग रोख इनामाच्या, आणि दिवस कलताना मानाची. पंच जोड लावताना दोघांना शेजारी उभे करतात, मांड्या, खांदे आणि अंगलट पाहतात, आणि जोड तोलामोलाची वाटली तरच कुस्ती लावतात. पोराची गाठ कसलेल्या पैलवानाशी घालणे हा तेथे पराक्रम मानीत नाहीत, तो फडाचा अपमान मानतात. पण माती तीच, नियम तोच, पाठ टेकली की चीत हा निकालही तोच. ज्या पोराने आज रेवड्या जिंकल्या तो उद्या मानाच्या कुस्तीपर्यंत जाणार नाही असे कोणत्याही वहीत लिहिलेले नसते. निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगडच्या हरिश्चंद्र बिराजदारांनी अशाच मातीतून कोल्हापूरच्या गंगावेस तालमीपर्यंत आणि तेथून १९७० च्या एडिंबरो येथील राष्ट्रकुल स्पर्धेतील सुवर्णपदकापर्यंत मजल मारली. पुढे पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत त्यांनी वस्ताद म्हणून जी पोरे घडविली त्यांत बीड जिल्ह्यातील पाटोद्याचा राहुल आवारे होता, ज्याने २०१८ मध्ये गोल्ड कोस्ट येथे ५७ किलो गटात सुवर्ण मिळविले. ५७ किलोंच्या मल्लाला त्याच्या दुप्पट वजनाच्या मल्लाशी लढविले नाही म्हणून त्याचे सुवर्ण कमी कसाचे ठरत नाही. वजनाचे गट पाडले म्हणून कुस्तीची समता मोडली नाही. ते पाडले म्हणूनच ती शक्य झाली.

नांदेडच्या सचखंड श्री हुजूर साहिबात हाच न्याय सेवेच्या रूपाने दिसतो. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंहांनी जेथे देह ठेवला त्या स्थानी लंगराच्या कामाला हात लावणाऱ्यांत कोणी मणभर कणीक मळतो, कोणी कढई उतरवितो, कोणी भांडी घासतो, आणि ज्या वृद्धेला यांपैकी काहीच झेपत नाही ती लसूण सोलीत बसते. पण सेवा सर्वांची एक, आणि पंगतीत जमिनीवर बसताना आसनही सर्वांचे एका पातळीवर. शीख परंपरेतील दसवंध पाहावा: ठरावीक रक्कम न मागता कमाईचा दहावा हिस्सा मागितला आहे, त्यामुळे शेतमजुराचे दहा रुपये आणि सावकाराचे दहा हजार हे हिशेबात विषम असले तरी धर्मात सम होतात. इस्लाममध्येही नमाज उभ्याने पढावी, उभे राहवत नसेल तर बसून, बसवत नसेल तर पडल्या पडल्या इशाऱ्याने पढावी, अशी मुभा आहे. आजारी माणसाला देह वाकविण्यापासून सूट मिळते, प्रार्थनेतून त्याला कोणी वगळीत नाही. ज्यांच्या तत्त्वज्ञानांत एरवी इतके अंतर, त्या धर्मांनी या एका ठिकाणी एकच तोड काढावी, हे सत्याच्या सार्वत्रिकतेचे लक्षण मानावयास हवे.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की एकदा भार कमी करण्याची मुभा दिली म्हणजे आळशी मनुष्य आपली असमर्थता वाढवून सांगेल. हे भय खोटे नाही. ज्याला ८० किलो झेपतात तो ४० किलो पाठीवर घेऊन घाम पुसू लागला तर त्याला बाहेरचा कोणताही कायदा पकडू शकत नाही. आणि उलट बाजूने, ज्याला ४० झेपतात तो चारचौघांत उणेपणा नको म्हणून ८० घेतो, अर्ध्यातच वाकून वर येतो आणि बैठक झाली असे स्वतःस पटवितो. दोन्ही ठिकाणी दोष एकच, तो असत्याचा. म्हणून कुवतीप्रमाणे साधना करण्याची पहिली अट स्वतःशी सचोटी ही आहे, आणि गीतेने मनुष्याला त्याचाच मित्र व त्याचाच शत्रू म्हटले ते याच अर्थाने. चाळीस किलोंचा अभिमान न धरता आणि चाळीस किलोंची लाज न बाळगता चाळीस किलो उचलणे, ही जितकी स्नायूंची साधना आहे तितकीच अहंकाराच्या निग्रहाचीही आहे.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. भार वाढत जावा असे म्हणता. पण वार्धक्यात तो वाढत नाही, वर्षागणिक घटत जातो. ज्याने तारुण्यात दीडशे उचलले त्याच्यावर खुर्चीवरून उठण्याचीच बैठक करण्याची वेळ येते. मग त्या साधनेची प्रगती कशात मानावयाची? याचे उत्तर फलत्यागात आहे. दांड्यावरचा आकडा हे फळ आहे. टाच, पाठ आणि श्वास यांची शिस्त सांभाळून भाराखाली जाणे व वर येणे हे कर्म आहे. जो जन्मभर आकड्यासाठी बसला त्याला उतरता आकडा हा पराभव वाटेल. जो कर्मासाठी बसला त्याच्या दृष्टीने खुर्चीवरची ती शेवटची बैठकही तितकीच पुरी, कारण आपल्या वाट्याला आलेला भार स्वीकारून उठणे ही गोष्ट तिच्यात तसूभरही कमी झालेली नसते. देहाची शक्ती उसनी आहे, ती परत करावी लागते. ती वाढत असताना नम्र राहणे आणि ती परत करीत असताना प्रसन्न राहणे, ही दोन्ही एकाच अभ्यासाची अंगे आहेत.

या विचाराचा उपयोग व्यायामशाळेच्या भिंतींत कोंडून ठेवण्यात अर्थ नाही. लातूर आणि नांदेड या दोन्ही शहरांत आज खेड्यापाड्यांतून हजारो मुले वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षांच्या तयारीसाठी येतात, आणि त्यांतील बहुतेकांच्या पाठीवर पहिल्याच दिवशी सारख्याच वजनाचा भार ठेवला जातो. विद्येचा ध्यास या प्रदेशाने ज्या निष्ठेने धरला तिचा मला आदर आहे; पण ज्या मुलाने आजवर नुसता दांडाही पेलला नाही त्याला पहिल्याच आठवड्यात शंभर किलोंखाली उभे करणे हा समतेचा प्रयोग ठरत नाही, आणि तो कोसळला म्हणून त्याला नालायक ठरविणे तर केवळ क्रौर्य आहे. त्याला वगळूही नये आणि चिरडूही नये. तेच शास्त्र, तीच शिस्त, पण त्याच्या आजच्या मापाने, आणि ते माप वाढेल या खात्रीने.

समतेचा अर्थ सर्वांच्या पाठीवर सारखे वजन असा घेतला तर जगात समता कधीच नांदणार नाही, कारण पाठी सारख्या नाहीत. आणि अधिकारभेदाचा अर्थ काहींना कर्मच नाही असा घेतला तर जगात धर्म कधीच नांदणार नाही. या दोहोंच्या मधला मार्ग जाणत्या वस्तादांना ठाऊक आहे, आणि तो गुरूंनी, मातापित्यांनी व राज्यकर्त्यांनी त्यांच्यापासून शिकण्याजोगा आहे: दार सर्वांना उघडे ठेवावे, क्रिया सर्वांना एक सांगावी, भार ज्याचा त्याला पाहून द्यावा, आणि तो वाढविण्याची वेळ आली की क्षणाचाही विलंब लावू नये.